वायसर, सील आणि तेलाचा थेंब : एअर रायफलविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती : एअर रायफल किंवा एअर पिस्तुलातील हवा अडवून धरणाऱ्या सीलला तेल द्यावे का, दिले तर कोणते आणि किती. ही पत्रे एकत्र वाचताना असे लक्षात आले की, वाचकांना मिळालेला सल्ला बहुतेक वेळा मुळात खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रकारच्या बंदुकीसाठीचा होता. एका यंत्राला जे तेल तारते, तेच दुसऱ्याला मारते. म्हणून निवडक पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न (सांगली) : वडिलांनी 1980च्या सुमारास घेतलेली, नळी वाकवून स्प्रिंग चढवण्याची छऱ्याची बंदूक अनेक वर्षे कपाटात पडून होती. आता तिच्यात जोर राहिलेला नाही. छर्रा पंधरा पावलांवरच्या पुठ्ठ्यातूनही पार जात नाही. काका खोबरेल तेल घालायला सांगतात, दुकानदार शिवणयंत्राचे तेल देतो आणि एक मित्र सिलिकॉनशिवाय काहीच वापरू नका म्हणतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या घरी पूर्वी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह असेल, तर या बंदुकीचा निम्मा स्वभाव आपल्याला आधीच ठाऊक आहे. स्टोव्ह बरेच दिवस पडून राहिला की पंप मारताना हाताला काही लागतच नसे, दांडा नुसता पुढेमागे होई. मग घरातले कोणी तरी पंप उघडून आतल्या चामडी वायसरला तेल चोळत, त्याची कड बोटांनी जराशी उमलवत आणि पंप पुन्हा हवा धरू लागे. त्या काळातल्या बहुतेक बंदुकांत दट्ट्याच्या तोंडाशी अगदी असाच वाटीच्या आकाराचा चामडी वायसर असतो. चामड्याचे तंतू तेल पिऊन फुगलेले असतात तोवर त्याची कड सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहते. ते सुकले की चामडे आक्रसते, कडक होते आणि हवा बाजूने निसटते.

यातून केवळ जोर जातो असे नाही. चाप ओढल्यावर स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते. पुढे दाबलेली हवा छऱ्याला ढकलते आणि त्याच वेळी दट्ट्यासाठी गादीचेही काम करते. वायसर गळका असेल तर ही गादीच उरत नाही आणि दट्ट्या सिलिंडरच्या पुढच्या भिंतीवर थेट आपटतो. छर्रा न घालता चाप ओढल्यावरही हेच होते. त्यामुळे जोर आहे का हे पाहण्यासाठी सुकलेल्या बंदुकीतून पुन्हा पुन्हा बार काढू नयेत. प्रत्येक बाराला स्प्रिंग आणि दट्ट्या दोन्ही झिजत असतात.

वायसरकडे वळण्याआधी नळीच्या मागच्या तोंडाशी, म्हणजे ब्रीचपाशी असलेले छोटे सील तपासावे, कारण दोष पुष्कळदा तिथेच असतो आणि ते बदलणे सोपे असते. बंदूक बंद केल्यावर तिच्या सांध्यावर कापसाचा हलका पिंजलेला धागा ठेवावा आणि छर्रा घालून, मागे भक्कम आडोसा असलेल्या लक्ष्यावर एक बार काढावा. धागा उडाला तर हवा सांध्यातूनच बाहेर पडते आहे असे समजावे. धागा जागचा हलला नाही तर मात्र दोष आत आहे.

आता तेलाबद्दल. खोबरेल तेल घालू नये. ते साधारण 24 अंशांखाली थिजते. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी आपल्या बाटलीत जे दिसते तेच दट्ट्यासमोर होणार. शिवाय जुने झाले की ते खवट आणि चिकट होते. काकांचा सल्ला स्टोव्हच्या पंपापुरता बरोबर होता, कारण हाताने हळू चालणाऱ्या पंपात हवा फारशी तापत नाही. बंदुकीत मात्र ती क्षणार्धात दाबली जाते आणि डिझेल इंजिनात तापते तशी तापते. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल अशा हवेत सहज पेट घेते, म्हणून तेही नको. सिलिकॉनचे तेल पुष्कळ जास्त तापमान सोसते. एअरगनच्या चेंबरसाठी म्हणून विकले जाणारे सिलिकॉन तेल आपण घ्यावे. या एका मुद्द्यावर आपल्या मित्राचे म्हणणे खरे आहे.

परंतु "सिलिकॉनशिवाय काहीच नको" हे म्हणणे मला मान्य नाही. पोलादावर पोलाद घासते तिथे सिलिकॉन तेल फारच दुबळे वंगण ठरते. स्प्रिंग, चापाचे खटके आणि नळीचा सांधा यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीस अगदी पातळ थरात लावावे. तिथे सिलिकॉन गेले तर भाग कोरडे घासून खरवडले जातात, आणि खरवडलेला खटका हा धोक्याचा विषय आहे.

तेल देताना स्प्रिंग चढवू नये; नळी छिद्र दिसेल इतपतच उघडावी आणि सोडून न देता एका हाताने धरून ठेवावी. ब्रीचच्या मागे हवा येण्याचे जे बारीक छिद्र दिसते, त्यात चार-पाच थेंब सोडावेत, नळी मिटावी आणि बंदूक तोंड वर करून भिंतीला टेकवून रात्रभर ठेवावी, म्हणजे तेल आपल्या वजनाने दट्ट्याच्या तोंडाकडे उतरेल. दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन थेंब देऊन पुन्हा एक रात्र थांबावे. इतकी वर्षे सुकलेले चामडे घाईने तेल पीत नाही. तिसऱ्या दिवशी छर्रे घालून पंधरा-वीस बार काढले असता सुरुवातीला थोडा धूर दिसेल, मग तो विरेल. पुढे बंदूक नियमित वापरात असेल तर काही महिन्यांनी एक-दोन थेंब पुरतात.

एवढे करूनही जोर परतला नाही, तर चामडे मेले आहे असे समजून वायसर बदलावा लागेल. हे काम मात्र घरी करू नये. आतली स्प्रिंग विसाव्यातही दाबलेल्या स्थितीत बसवलेली असते आणि मागची पिन काढताच ती झाकणासह उसळून बाहेर येते. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा ज्याच्याकडे आहे, अशा परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच बंदूक द्यावी.

प्रश्न (रत्नागिरी) : मी नवीन स्प्रिंग रायफल घेतली असून आमच्या दमट हवेमुळे दर रविवारी छिद्रात सिलिकॉन तेलाचे तीन थेंब घालतो. आता प्रत्येक बाराला निळसर धूर येतो आणि अधूनमधून फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. तेल कमी पडते आहे का?

उत्तर : तेल कमी पडत नाही, फार झाले आहे, कृपया आजपासून ते बंद करावे.

नव्या रायफलींत सहसा चामड्याऐवजी पॉलियुरेथेन किंवा तत्सम कृत्रिम सील असते. ते तेल पीत नाही आणि त्याला भिजलेले राहण्याची गरजही नसते. हवेचा दाब वाढतो तसा तोच दाब सीलची कड भिंतीवर दाबून धरतो. कारखान्यात जोडणी करताना लावलेला वंगणाचा पुसट थर त्याला फार काळ पुरतो. आपण घातलेले तेल शोषले न गेल्यामुळे दट्ट्यासमोर साचते, तापलेल्या हवेत त्याचे तुषार होतात आणि ते पेटतात. सिलिकॉन तेल सहज पेटत नाही हे खरे. पण ते अजिबात पेटत नाही असे नव्हे, आणि कारखान्यातले ग्रीस त्याच्याबरोबर वाहून पुढे आले असेल तर तेही जळते.

नव्या रायफलीतून पहिले शंभरेक बार थोडा धूर आणि जळका वास येणे स्वाभाविक आहे. फटाक्यासारखा आवाज मात्र स्वाभाविक नाही. त्या क्षणी छर्रा ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेला असू शकतो आणि आतला दाब दट्ट्याला उलटा मागे हाणतो. मी ज्या क्लबात दुरुस्तीचे काम पाहतो, तिथे अशी एक रायफल उघडली तेव्हा स्प्रिंगचे दोन वेढे वाकलेले होते आणि सीलची कड करपून तुकड्यांनी सुटत होती. मालकाने ती अत्यंत प्रेमाने दर आठवड्याला तेल घालून जपलेली होती. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणूनच हे उत्तर मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

उपाय असा : नळी आतून कोरड्या फेल्टच्या बोळ्यांनी, ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत, पुसावी. रायफल तोंड खाली करून रात्रभर ठेवावी आणि छिद्राशी आलेले तेल कापडाने टिपून घ्यावे. मग भक्कम आडोशासमोर, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून, नेहमीच्या वजनाचे छर्रे घालून तीस-चाळीस बार काढावेत. तेल जाळून टाकण्यासाठी रिकामे बार काढू नयेत. आवाज त्यानंतरही राहिला तर रायफल उघडून आतून पुसावी लागेल. पुढच्या काळात स्प्रिंग चढवताना आतून घासल्यासारखी करकर ऐकू आली, तरच एक थेंब द्यावा. रत्नागिरीच्या दमट हवेची आपली काळजी योग्य आहे, पण तिचा उपाय रायफलीच्या बाहेरच्या पोलादावर करायचा असतो. त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न (नागपूर) : माझ्याकडे 12 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड कुपीवर चालणारे पिस्तूल आहे. सोबतच्या माहितीपत्रकात प्रत्येक नव्या कुपीच्या टोकावर तेलाचा थेंब लावावा असे सांगितले असून ते तेल खनिज तेलापासून बनवलेले दिसते. खनिज तेल एअरगनमध्ये घालू नये असे आपणच सांगत आला आहात. मग हे कसे?

उत्तर : आपली शंका अगदी नेमकी आहे. खनिज तेल धोक्याचे ठरते ते दाबलेल्या, तापलेल्या हवेत, कारण हवेत प्राणवायू असतो. आपल्या पिस्तुलात हवा नाहीच. कार्बन डायऑक्साइड तेलाला जळू देत नाही, किंबहुना आग विझवण्यासाठीच तो वापरतात. शिवाय कुपीतला द्रव वायू होऊन बाहेर येताना तापत नाही, थंड होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलांसाठी बनवलेले ते तेल तिथे पूर्णपणे योग्य आहे. नवी कुपी बसवताना तिच्या टोकावर एक थेंब लावावा. टोचल्यावर सुटणारा वायूच तो थेंब झडपेपर्यंत आणि सगळ्या रबरी कड्यांपर्यंत पोहोचवतो. तीच बाटली घरातल्या स्प्रिंग रायफलीच्या छिद्राला मात्र कधीही लावू नये.

या वायूची एक खोड लक्षात ठेवावी : तो रबरात मुरतो आणि रबर फुगवतो. कुपी काढताच बाहेर काढलेली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, आपल्या खाचेत परत बसत नाही, एवढी ती मोठी झालेली असते. ती खराब झाली असे समजून पुष्कळ जण ती फेकून देतात. काही तास उघड्यावर ठेवली की वायू निघून जातो आणि ती बऱ्याचदा मूळ मापावर येते. सराव संपल्यावर अर्धी वापरलेली कुपी आठवडेच्या आठवडे आत ठेवू नये हे माझे मत आहे. थोडा वायू वाया जातो हे खरे, पण सतत दाबाखाली फुगलेली कडी लवकर निकामी होते.

नागपूरकरांना उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगावे लागेल. कुपीतला दाब 20 अंशांना सुमारे 57 बार (येथे बार हे दाबाचे एकक) असतो, 30 अंशांना तो 72 बारच्या आसपास जातो आणि 31 अंशांच्या पुढे आत द्रव उरतच नाही, तेव्हा दाब आणखी वेगाने चढतो. मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेल्या पिस्तुलाची झडप इतक्या दाबाने मिटून बसते की पिस्तुलातल्या, झडपेवर आपटणाऱ्या हातोडीला ती उघडताच येत नाही. अशा वेळी तेल घालून किंवा ठोकून काही होत नाही. पिस्तूल सावलीत निवू द्यावे. भरलेल्या कुप्याही उन्हात ठेवू नयेत.

प्रश्न (पुणे) : माझी मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते. तिच्या दाबयुक्त हवेच्या रायफलीचा काटा दुपारी सरावानंतर 195 बार दाखवत होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी 185. गळती असावी असे क्लबातल्या एका पालकांनी सांगितले आणि जोडणीत तेलाचा स्प्रे मारायला सुचवले. करावे का?

उत्तर : स्प्रे मारू नये, हे सर्वप्रथम.

आपण पत्रात मार्च महिन्याचा उल्लेख केला आहे. दुपारी रेंजवर 35 अंश आणि पहाटे घरात 20 अंश असतील असे धरू. रायफलीला जोडलेल्या हवेच्या बंद सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर कमी-जास्त होतो, आणि हे प्रमाण निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे 273 अंशांपासून, मोजायचे असते : 308चे 293 झाले म्हणजे सुमारे पाच टक्के घट. 195 बारमधून पाच टक्के वजा केले की आपला 185चा आकडा येतो. थोडक्यात, हवा कुठेही गेलेली नाही. सिलिंडर घाईने भरला तर तो भरतानाच तापतो, आणि निवल्यावर काटा असाच उतरतो. काट्याची नोंद रोज एकाच वेळी, एकाच खोलीत, तीन दिवस घ्यावी. समान तापमानाला आकडा उतरत गेला तरच गळती मानावी.

गळती खरोखर असेल तर ती शोधण्यासाठी सिलिंडरच्या जोडणीवर साबणाच्या पाण्याचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. दोष बहुधा एखाद्या ओ-रिंगमध्ये असतो आणि तिचे कारण अनेकदा अगदी साधे निघते : कडीवर चिकटलेला एखादा केस, धुळीचा कण किंवा कोरड्या कडीवर जोडणी फिरवल्यामुळे पडलेला चिरा. भरण्याच्या जोडणीवरची कडी महिन्यातून एकदा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि तिच्यावर शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा, बोटाला जेमतेम जाणवेल इतकाच थर द्यावा. ग्रीसमुळे हवा अडत नाही. कडी खाचेत पिळ न पडता बसावी एवढेच त्याचे काम आहे. ढीगभर ग्रीस धूळ धरते आणि दाबाबरोबर झडपेत जाते.

खनिज तेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे येथे का नको, हे त्या पालकांनाही अवश्य सांगावे. सिलिंडरमध्ये 200 बारला दाबलेल्या हवेत प्राणवायूही तितक्याच पटीने दाटलेला असतो, आणि भरण्याची झडप एकदम उघडली की पुढची हवा क्षणात दाबली जाऊन तापते. तिथे खनिज तेलाचा अंश असेल तर तो भडकू शकतो, आणि हा भडका बंद धातूच्या नळीत, खेळाडूच्या चेहऱ्याजवळ होतो. म्हणूनच झडप नेहमी सावकाश उघडावी. सिलिंडर शुद्ध, कोरड्या हवेनेच भरावा. वेल्डिंगच्या किंवा रुग्णालयातल्या ऑक्सिजन सिलिंडरला तो कधीही, कोणत्याही अडचणीत जोडू नये.

कडी बदलायची झाल्यास नळाच्या किंवा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातली "तशीच दिसणारी" कडी घालू नये. आतला व्यास आणि जाडी यांच्याइतकीच तिची कठीणता महत्त्वाची असते. शोअर मापनपट्टीवर 70 आणि 90 या दोन कड्या हातात जवळजवळ सारख्या वाटतात, पण जिथे 90ची हवी तिथे 70ची मऊ कडी दाबाखाली फटीत ढकलली जाते आणि कापली जाते. रायफलीच्या उत्पादकाचा सीलचा संच मागवणे महाग वाटले तरी तेच करावे. आतल्या कड्या आणि दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर यांना मात्र घरी हात लावू नये. आणि कोणताही भाग उघडण्यापूर्वी त्यातली हवा पूर्ण काढलेली असली पाहिजे.

सिलिंडरवर कोरलेली तारीखही आजच पाहून ठेवावी. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांनुसार सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची असते आणि ती मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसळे यांच्या यशानंतर आपल्याकडे अनेक कुटुंबांनी वापरलेल्या रायफली विकत घेऊन मुलांना या खेळात आणले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जुन्या रायफलीबरोबर जुना सिलिंडरही घरी येतो. मुदत संपलेला सिलिंडर किती चांगला दिसतो याला काहीही अर्थ नाही. तो बदलावा.

प्रश्न (सावंतवाडी) : पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे सराव बंद असतो. तेवढ्या काळासाठी स्प्रिंग रायफल कशी ठेवावी?

उत्तर : स्प्रिंग उतरवलेली, छर्रा काढलेला आणि बाहेरचे पोलाद गंजरोधक तेलाच्या फडक्याने पुसलेले असावे. हे तेल कापडावर घ्यावे, रायफलीवर फवारू नये, कारण फवारलेले तेल ब्रीचच्या छिद्रात उतरते आणि रत्नागिरीच्या वाचकांना आलेला अनुभव आपल्याला येतो. रायफल फोमच्या बंद पेटीत ठेवू नये. फोम ओल धरून बसतो. सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कोरड्या कुलूपबंद कपाटात ठेवावी आणि दर पंधरा दिवसांनी पुड्या तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्याव्यात. वायसर चामड्याचा असेल तर ठेवण्यापूर्वी सिलिकॉन तेलाचे दोन थेंब द्यावेत. कृत्रिम असेल तर काहीही देऊ नये. गणपतीनंतर रायफल बाहेर काढाल तेव्हा नळीतून आधी दोन-तीन कोरडे फेल्टचे बोळे फिरवावेत, ब्रीचचे सील चिरलेले नाही हे उजेडात पाहून घ्यावे आणि मगच पहिला छर्रा भरावा.